टेबल सॉ घेताना पाचर पाहावी

पंचतंत्रातील पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट मराठी घरांत सांगितली जाते ती नसत्या उठाठेवीचे फळ दाखवण्यासाठी. सुतार अर्धवट फाडलेला ओंडका तसाच ठेवून जेवायला जातात. चीर मिटू नये म्हणून तिच्यात लाकडाची पाचर ठोकून ठेवतात. माकड ओंडक्यावर बसून ती पाचर उपसते आणि मिटणाऱ्या चिरेत चिरडते. सुतारकाम करणाऱ्याने या गोष्टीतले दुसरे तथ्य ध्यानात घ्यावे : फाडलेले लाकूड पुन्हा मिटू पाहते. हातकरवतीला ते नुसते धरून ठेवते. मिनिटाला चार हजार फेरे घेणाऱ्या गोल पात्याला त्याने धरले, तर लाकूड माणसाच्या अंगावर येते. घरच्या कामासाठी टेबल सॉ घेणारे मोटरीची ताकद विचारतात, टेबलाची लांबी-रुंदी विचारतात, कंपनीचे नाव विचारतात. यंत्राला पाचर आहे का, हे विचारणारे थोडे.

टेबल सॉ म्हणजे सपाट टेबलाच्या फटीतून वर आलेले गोल करवतीचे पाते. इथे हत्यार लाकडावर चालवायचे नसते. लाकूड पात्याकडे सरकवायचे असते. पात्याला समांतर एक आडपट्टी असते, तिला फेन्स म्हणतात. फळीची सरळ कड फेन्सला टेकवून पुढे ढकलली की एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या निघतात. आडवा काप घेण्यासाठी टेबलातील खाचेतून सरकणारा कोनमापक असतो. कपाट, देव्हारा, खिडकीची चौकट, पाट असे काहीही घरी करू पाहणाऱ्याचा मोठा वेळ फळी सरळ फाडण्यात जातो. तो वेळ हे यंत्र वाचवते, आणि चूक झाली तर बोट घेते.

यंत्राची निवड माहितीपत्रकावरून करता येते, असे वाटते खरे. पण ती लाकूड, हवा आणि वीज पाहून करावी लागते. त्यासाठी बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांचे उदाहरण बोलके आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्यातील जुना बिदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या भागांत मराठी घरे आजही आहेत, आणि हत्यारांच्या दुकानात एकाच वस्तूला करवत, आरी आणि कन्नडमध्ये गरगस अशी तिन्ही नावे ऐकू येतात. गोव्याच्या वाचकालाही हा प्रदेश अगदी परका नाही. १४७२ मध्ये गोवा बहमनी राज्याला जोडणारा महमूद गवान हा बिदरच्या दरबाराचा वजीर होता. आणि बिदरचे पठार गोव्याच्या सड्यांसारखेच जांभ्याचे आहे. तिथल्या किल्ल्यातील रंगीन महालाचे कोरीव लाकडी खांब पाहिले की या कोरड्या मुलखात लाकूडकामाची केवढी जाण होती, हे कळते.

बाभूळ आणि माळवदाचे लाकूड

या भागात घरगुती सुताराच्या हाती येणारे लाकूड मुख्यत्वे तीन प्रकारचे असते. बाजारातून आणलेले सागवान आणि प्लायवूड हा पहिला प्रकार. शेताच्या बांधावरची बाभूळ आणि कडुलिंब हा दुसरा. जुनी घरे पाडताना निघालेले लाकूड हा तिसरा. पहिल्याने यंत्राला फारसा त्रास होत नाही. खरी परीक्षा उरलेल्या दोन प्रकारांत आहे, आणि नेमके तेच स्वस्तात किंवा फुकट मिळते.

कन्नडमध्ये जिला जाली म्हणतात ती बाभूळ सागापेक्षा जड, कठीण आणि चिवट असते. तिफण, वखर, बैलगाडीची चाके तिचीच होत, कारण ती धक्का सोसते. पण बांधावरचे झाड जंगलातल्या झाडासारखे सरळ वाढत नाही. ते एका अंगाला कलते, वाऱ्याशी आणि गुरांशी झगडत वाढते, फांद्या छाटल्या जातात. कललेल्या खोडात वरच्या अंगाला ताण साठतो. अशा खोडाची फळी उभी फाडू लागले की कोंडलेला ताण मोकळा होतो आणि दोन फाका एक तर फाकतात, नाही तर पात्यामागे एकमेकींवर मिटतात. शिवाय गाठी. गाठीभोवती रेषा वळलेली असते, तिथे पाते अडखळते आणि ढकलणारा नकळत जोर वाढवतो. किकबॅक, म्हणजे लाकूड उसळून मागे येणे, बहुधा अशाच क्षणी घडते.

तिसऱ्या प्रकाराची कथा निराळी आहे. सीमाभागातील जुनी घरे माळवदाची, म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचे सपाट छत अशी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि अशा जड छतांखाली हजारो माणसे गेली. किल्लारी लातूर जिल्ह्यातले. आळंद आणि बसवकल्याण तिथून दूर नाहीत. माळवदाची धास्ती तेव्हापासून घेतली गेली आणि स्लॅबची घरे वाढली. पाडलेल्या घरांच्या तुळया, खांब, दारांच्या चौकटी अजूनही गोठ्यात, परड्यात पडून असतात. कित्येक पावसाळे-उन्हाळे खाल्लेले हे लाकूड आता फारसे वाकत नाही, म्हणून ते फर्निचरला उत्तम. पण त्यात हातघडणीचे खिळे असतात, डोके गंजून पडलेले, बाहेरून न दिसणारे. कार्बाइडचा दात खिळ्यावर आदळला की तुटून उडतो. जुने लाकूड वापरायचे तर जुन्या स्पीकरमधला मोठा लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक बाजूवरून फिरवावा. जिथे तो ओढला जाईल तिथे पटाशीने उकरून खिळा काढावा. तो निघत नसेल, तर तेवढा तुकडा टेबल सॉवर आणूच नये, हातकरवतीने कापावा.

बाभळीचा गोल ओंडका टेबल सॉवर फाडू नये. टेबलावर जी बाजू टेकते ती सपाट आणि फेन्सला जी कड टेकते ती सरळ असावी लागते. दोहोंपैकी एक जरी डगमगली तरी लाकूड पात्यात तिरके होते. ओंडका परवानाधारक आरा मशीनवर चिरून घ्यावा, फळ्या सावलीत, मधे पट्ट्या ठेवून वाळवाव्यात, एक बाजू आणि एक कड रंध्याने सरळ करावी आणि मगच त्या टेबल सॉकडे न्याव्यात.

पात्यामागची पट्टी

पात्याचे दात समोरच्या बाजूला खाली उतरतात आणि लाकूड टेबलावर दाबतात. मागच्या बाजूला तेच दात वर येतात. चीर मिटली किंवा फळी थोडी फिरली आणि तिने मागच्या दातांना स्पर्श केला, की दात तिला उचलतात आणि ढकलणाऱ्याच्या दिशेने फेकतात. दहा इंची पाते, म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचे, मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर त्याची कड ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने जात असते. फेकलेली फळी पोटाला किंवा छातीला लागते. त्याहून वाईट म्हणजे फळीवर ठेवलेला हात फळीबरोबर मागे खेचला जातो आणि पात्यावर जातो. बोट कापले जाण्याचा अपघात पुष्कळदा असा दोन पावलांत होतो, म्हणूनच पाहणाऱ्याला तो निष्काळजीपणा वाटतो.

यावरचा उपाय म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभी असलेली पातळ पोलादी पट्टी. इंग्रजीत तिला रिव्हिंग नाइफ म्हणतात. सुताराच्या भाषेत ती पाचरच. ती कापत नाही, चीर उघडी ठेवते, आणि फळी मागच्या दातांकडे सरकू देत नाही. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा थोडी अधिक आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा थोडी कमी असावी लागते. पत्रा १.८ मिलिमीटर आणि चीर २.६ मिलिमीटर असेल, तर २.२ मिलिमीटरची पट्टी योग्य. पाते आणि पट्टी यांत ३ ते ८ मिलिमीटर अंतर असावे. त्याहून जास्त अंतर राहिले तर लाकडाला मिटायला तेवढी जागा मिळते.

दुकानात या पट्टीची परीक्षा सोपी आहे. पाते वर-खाली करावे, तिरके करावे. पट्टी पात्याबरोबर वर, खाली आणि तिरकी झाली तर ती खरी रिव्हिंग नाइफ. एकाच जागी घट्ट बसवलेली, पात्याशी संबंध नसलेली उंच पट्टी म्हणजे जुन्या पद्धतीचा स्प्लिटर. अगदी नसण्यापेक्षा तो बरा. पण पाते खाली केले की दोघांमधले अंतर वाढते. शिवाय खाच पाडण्यासारखा, आरपार न जाणारा काप घ्यायचा असला की स्प्लिटर काढून ठेवावा लागतो, आणि एकदा काढलेला स्प्लिटर परत बसवण्याचा कंटाळा कोणाला येत नाही? चांगली रिव्हिंग नाइफ पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित बुटकी ठेवता येते. खाच पाडतानाही ती जागची हलवावी लागत नाही. म्हणून ती जागेवर राहते, आणि जागेवर राहिलेली पाचरच उपयोगाची.

पात्यावरचे पारदर्शक झाकण आणि लाकडाला मागे येऊ न देणारी काटेरी पकड हेही असावे. तरी निवड करायची वेळ आली तर प्राधान्य पाचरीला द्यावे. झाकण हाताला पात्यापासून दूर ठेवते. पाचर अपघाताचे पहिले पाऊलच अडवते.

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार त्या देशात टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन वर्षाला सुमारे ३०,००० लोक उपचार घेतात, आणि त्यांतील सुमारे ४,००० जणांचा एखादा अवयव, बहुधा बोट, तुटलेला असतो. तिथे २००४ पासून सॉस्टॉप नावाचे यंत्र विकले जाते. बोटाचा स्पर्श होताच पात्यातील सूक्ष्म विद्युतसंकेत बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पाच मिलिसेकंदांच्या आत पाते थांबते. जखम खरचटण्यावर निभावते. हे तंत्र भालकीच्या किंवा डिचोलीच्या दुकानात मिळणारे नाही. त्यामुळे इथल्या माणसासाठी साधी पोलादी पट्टी हेच मोठे संरक्षण ठरते.

उलटा कटर आणि रंधा मशीन

खेड्यातील आणि तालुक्याच्या गावातील बहुतेक घरगुती टेबल सॉ दुकानातून येतच नाहीत. फरशी कापण्याचा चार इंची मार्बल कटर प्लायवूडच्या तुकड्याखाली उलटा बसवतात, फट पाडून पाते वर काढतात, बटण तारेने बांधून दाबलेले ठेवतात. टेबल सॉ तयार. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी महाराष्ट्रभर स्वयंपाकघरांत गेली. ती कापणारा कटर त्या मुलखात घरोघरी असला आणि तोच लाकडालाही लावला गेला, तर नवल नाही. हा खटाटोप काही हजारांत भागतो. नावाजलेल्या कंपनीच्या दहा इंची यंत्राला साधारण त्याच्या दहापट किंवा अधिक मोजावे लागतात. गरिबीतून निघालेली ही युक्ती आहे, तिला हसण्याचे कारण नाही. पण तिचा हिशेब नीट पाहायला हवा.

११० मिलिमीटरचे पाते मिनिटाला सुमारे १३,००० फेरे घेते, म्हणजे त्याची कड ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने जाते. हा वेग दहा इंची पात्यापेक्षाही जास्त. कापाची खोली मात्र जेमतेम ३० मिलिमीटर, त्यामुळे दोन इंची चौकट दोन बाजूंनी कापावी लागते आणि दुसरा काप पहिल्याशी क्वचितच जुळतो. पाचर नाही, झाकण नाही, फेन्स म्हणजे दोन शिकंज्यांनी आवळलेली पट्टी. बांधून ठेवलेले बटण सर्वांत वाईट, कारण संकटात ते सोडता येत नाही. चार मिलिमीटरचे प्लायवूड किंवा फोटोफ्रेमच्या पट्ट्या यांपलीकडे या जुगाडाचा उपयोग करू नये.

पैसे थोडे असतील तर त्याहून चांगला मार्ग आहे. सात इंची हात-सर्क्युलर सॉ घ्यावा आणि तो उलटा न करता जसा वापरायचा तसाच वापरावा. लाकूड स्थिर, यंत्र चालते. सरळ कापासाठी फळीवर ॲल्युमिनियमची पट्टी शिकंज्यांनी बांधावी. आठ बाय चार फुटांचे १८ मिलिमीटर प्लायवूड तीस किलोच्या वर भरते. ते छोट्या टेबल सॉवर एकट्याने ढकलणे हीच मुळात चूक. असा पत्रा आधी जमिनीवर थर्मोकोलच्या तुकड्यांवर ठेवून हात-सर्क्युलर सॉने लहान करणारे लोक शहाणे. वर्षाला दोन-तीन वस्तू करणाऱ्याने इथेच थांबले तरी चालेल. प्रत्येक घरी टेबल सॉ हवाच असे नाही.

दुसऱ्या टोकाला बिडाची रंधा मशीन आहे. एकाच दांड्यावर मधे रंध्याचा रूळ, टोकाला गोल करवत, पट्ट्याने फिरवणारी दोन-तीन अश्वशक्तीची मोटर. तालुक्याच्या गावी सुताराच्या दुकानात हेच यंत्र दिसते आणि जुने झाले की घरगुती हौशीच्या पदरी पडते. बाभळीसाठी ते उत्तम : वजनदार, न थरथरणारे, आणि रंधा व करवत एकत्र. उणीव तीच. पाचर बहुधा नसते, पट्टा उघडा असतो, बटण म्हणजे भिंतीवरचा खटका. यांपैकी पहिली उणीव गावातल्या लेथवाल्याकडून दूर होऊ शकते. अशा अनेक यंत्रांत पाते जागचे हलत नाही, टेबल वर-खाली होते. त्यामुळे सांगाड्याला पक्की बसवलेली योग्य जाडीची पोलादी पट्टी पात्यापासून कायम सारख्याच अंतरावर राहते. जुनी रंधा मशीन घेणाऱ्याने किमतीत या पट्टीचा आणि पट्ट्याच्या जाळीचा खर्च आधीच धरावा. विकणारा 'इतकी वर्षे काही झाले नाही' असे सांगेलच.

गेलेली वीज परत येते तेव्हा

या दोन जिल्ह्यांना वीज पुरवणारी कंपनी जेस्कॉम. उन्हाळ्यात, पंप आणि कूलर एकदम चालू असताना, ओळीच्या शेवटच्या घरात विजेचा दाब पडतो. नियमाप्रमाणे तो २३० व्होल्टच्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे २१६ ते २४४ च्या दरम्यान असायला हवा. इंडक्शन मोटरीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दाब १८० वर आला तर मूळ पिळाचा सुमारे ६१ टक्केच उरतो. बाभळीत पाते थबकते, ढकलणारा जोर लावतो, मोटर तापते. हलक्या, उचलून नेता येणाऱ्या टेबल सॉमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते. ती आवाज फार करते, पण लवकर सुरू होते आणि ब्रश झिजले तर घरी बदलता येतात. घरी हौसेने काम करणाऱ्याला ती पुरते. रोज चार तास काम करणाऱ्याने इंडक्शन मोटर घ्यावी आणि आधी घरातला दाब भर दुपारी मोजावा.

वायरिंगची काटकसर इथे महागात पडते. १,८०० वॅटचे यंत्र आठ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. ओसरीतून गोठ्यापर्यंत ३० मीटर लांब, एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली तर जवळपास नऊ व्होल्ट वायरमध्येच जातात. सुरू होतानाचा प्रवाह अनेकपट असल्याने तेव्हा त्याहून कितीतरी अधिक. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट चार व्होल्टच्या आत राहते. १६ अँपिअरचा सॉकेट, योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच या तिन्हींशिवाय यंत्र लावू नये. घरगुती वापराने वीजबिल फार वाढत नाही, कारण प्रत्यक्ष कापण्याचा वेळ थोडा असतो. अर्धा तास कापले तर युनिटही पुरे होत नाही. मात्र काम विकू लागल्यावर घरगुती जोडणी चालते का, याची चौकशी वीज कार्यालयात करावी.

यापेक्षा मोठा धोका भारनियमनाचा. काम चालू असताना वीज जाते. माणूस बटण बंद करायला विसरतो, पात्याजवळचा भुसा हाताने झाडू लागतो, आणि वीज येते. साध्या खटक्याचे यंत्र त्याच क्षणी फिरू लागते. म्हणून यंत्राला नो-व्होल्ट स्विच असावा. वीज गेली की तो आपोआप सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. तपासणी दोन मिनिटांची : यंत्र चालू ठेवून भिंतीवरचे बटण बंद करावे, पाते थांबू द्यावे, पुन्हा चालू करावे. पाते फिरले तर स्विच बदलून घ्यावा. रंधा मशीनलाही असा स्टार्टर वीजतंत्री बसवून देतो. पाचरीनंतर पैसा खर्च करायचा तो इथे.

दहा इंच की बारा

बारा इंची पात्याची हौस अनेकांना असते. दहा इंची पाते ७५ ते ८० मिलिमीटर खोल कापते; दाराच्या चौकटीला तेवढे पुरते. शिवाय एक कायदेशीर बाब आहे. टी. एन. गोदावर्मन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर आरा गिरण्यांवर कडक नियंत्रण आले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, चिरलेले लाकूड किंवा प्लायवूड कायदेशीर मार्गाने घेऊन काम करणाऱ्या लाकूड उद्योगांना परवान्यातून सूट आहे. तीत एक अट अशी की, बँड सॉ किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा अधिक व्यासाची गोल करवत नसावी. दहा इंच म्हणजे २५.४ सेंटिमीटर. बारा इंच म्हणजे ३०.४८. अर्ध्या सेंटिमीटरसाठी वनखात्याच्या दारी जाण्यात शहाणपण नाही. राज्यागणिक नियम वेगळे असू शकतात, म्हणून कर्नाटकात असो वा गोव्यात, स्थानिक वन कार्यालयात विचारून घ्यावे आणि लाकडाच्या पावत्या जपाव्यात.

यंत्राबरोबर येणारे पाते बहुधा मध्यम असते, ४० दातांचे. बाभूळ आणि साग उभे फाडायला २४ दातांचे वेगळे पाते घ्यावे. त्याच्या मोठ्या खाचा भुसा बाहेर फेकतात आणि लाकूड जळत नाही. प्लायवूडला ६० ते ८० दात, म्हणजे वरचा पापुद्रा उचकटत नाही. मधले भोक २५.४ की ३० मिलिमीटर, हे यंत्रावर पाहूनच पाते मागवावे. पाते बदलले की पाचरीची जाडी पुन्हा जुळवून पाहावी. पातळ चिरेच्या पात्यामागे जाड पट्टी राहिली तर फळी तिथेच अडते, आणि मग कोणीतरी पट्टी काढून टाकतो.

दुकानातील अर्धा तास

बिदरचा ग्राहक यंत्रासाठी बहुधा हैदराबादला जातो, कलबुर्गीचा सोलापूर किंवा हैदराबादला. ऑनलाइन मागवण्यापेक्षा हा प्रवास बरा, कारण फेन्स हाताळल्याशिवाय कळत नाही. फेन्स पात्यापासून वीतभर अंतरावर पक्की करावी आणि तिचे दूरचे टोक अंगठ्याने ढकलावे. ते हलले तर ते यंत्र घेऊ नये, मग मोटर कितीही दांडगी असो. फेन्सचे मागचे टोक पात्याकडे झुकलेले असेल तर लाकूड पाते आणि फेन्स यांच्यात आवळले जाते. त्यानंतर एक दात खुणेने रंगवावा, काटकोन कोनमापकाच्या खाचेला टेकवून त्या दाताचे अंतर पुढे मोजावे. पाते हाताने फिरवून तोच दात मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. फरक केसाएवढा असला तर हरकत नाही. कागदाचे दोन-तीन पदर बसतील इतका असला तर पाते खाचेशी समांतर करण्याची सोय आहे का, हे विचारावे. हे सर्व करताना प्लग काढलेला असावा. टेबलावर पोलादी फूटपट्टी उभी ठेवून खालून उजेड येतो का पाहावे. सुट्या भागांचे आणि दुरुस्तीचे केंद्र सर्वांत जवळ कुठल्या शहरात आहे, हेही विचारावे. ब्रश किंवा फेन्सची कळ यांच्यासाठी दोन महिने थांबावे लागले तर स्वस्ताई संपते.

गोव्यात हीच निवड करणाऱ्याने एक फरक लक्षात घ्यावा. कलबुर्गीच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत लाकडातील ओलावा पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरतो; गोव्याच्या जुलैत तोच सतरा-अठराच्या घरात जातो. तिकडून आणलेले कोरडे लाकूड इकडे फुगते आणि दार चौकटीत अडकते. म्हणून फळ्या आणून काही आठवडे घरात राहू द्याव्यात, मग कापाव्यात. बिडाचे टेबल तिकडे वर्षानुवर्षे टिकते, इकडे खारट हवेत आठवड्यात गंज धरते. त्यावर मेणाचा हात फिरवत राहावे किंवा ॲल्युमिनियमचे टेबल घ्यावे.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी प्लायवूडच्या तुकड्यातून ढकलकाठी कापून घ्यावी आणि ती फेन्सवरच टांगावी, म्हणजे पात्याच्या वीतभर जवळ हात न्यायची वेळ येणार नाही. काम करताना हातमोजे घालू नयेत. खांद्यावरचा टॉवेल, सैल बाही, ओढणी काढून ठेवावी. पात्याच्या अगदी समोर न उभे राहता थोडे डावीकडे उभे राहावे. लाकडाच्या भुकटीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्ककारक ठरवले आहे. नाकाला साधा रुमाल पुरत नाही, दाट गाळणीचा मास्क लागतो. पाते जागेवर, फेन्स समांतर, पाचर पात्यामागे हे तिन्ही पाहून झाल्यावर प्लग लावावा.